स्पीड भरपूर, तरी कॉल अडकतो

पत्र : इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालाय. निपाणी तालुक्यात एका वायरलेस इंटरनेटवाल्याकडे टॉवरवर रेडिओ बसवतो. संध्याकाळी गिऱ्हाइकांचे व्हिडिओ कॉल अडकतात, स्पीड टेस्ट मात्र चांगली येते. मालक म्हणतात, लाइन वाढवू, म्हणजे जास्त स्पीडचं कनेक्शन घेऊ. यात पुढे काही आहे, की सीसीएनए (सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा) करून पुणं गाठू?

उत्तर : तुला जो प्रश्न पडलाय, तोच तुझा अभ्यासक्रम आहे. आधी तपास कर. नेट रिकामं असताना पिंग (डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ) बघ, मग मोठं डाउनलोड लावून पुन्हा बघ. वीसचे चारशे मिलिसेकंद झाले, तर लाइन कमी नाही, रांग लांब आहे. राउटर पाकिटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, टाकून देण्याऐवजी साठवत बसतो. पाठवणाऱ्या टीसीपीला, म्हणजे डेटाचा वेग ठरवणाऱ्या प्रोटोकॉलला, पाकीट गळल्याशिवाय गर्दीचा पत्ताच लागत नाही, तो वेग वाढवत राहतो. संगणक अभियंता जिम गेटिस यांनी याला बफरब्लोट म्हटलं. त्यावर २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल हे रांग आवरणारं तंत्र मांडलं. रांग किती लांब, हे ते मोजतच नाही. पाकीट किती वेळ ताटकळलं, ते बघतं. पाच मिलिसेकंदांच्या वरचा खोळंबा शंभर मिलिसेकंद टिकला, की पाकिटं टाकायला लागतं. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये याचंच भावंड, एफक्यू-कोडेल, आयतं मिळतं.

वायरलेसमध्ये गोष्ट इथेच संपत नाही. झाडामागचं कमकुवत सिग्नलचं एक घर तेवढाच डेटा पाठवायला हवेतला जास्त वेळ खातं आणि त्या सेक्टरवरची (टॉवरच्या त्याच अँटेनावरची) बाकीची घरं खोळंबतात. तिथे नुसती लाइन वाढवून मालकांचे पैसेच जातील. हे आकड्यांनिशी दाखवणारा माणूस मोठ्या कंपनीलाही हवा असतो.

सीसीएनए जरूर कर, राउटिंग-स्विचिंगचा पाया पक्का होतो. रांगांचं हे काम मात्र लिनक्सचं टीसी (रांगा लावणारं), आयपर्फ (वेग मोजणारं) आणि वायरशार्क (पाकिटं तपासणारं) घेऊन हातानेच शिकावं लागेल. पुण्याची घाई नको. डिप्लोमावाल्यांना डीसीईटी ही कर्नाटकातली प्रवेश परीक्षा देऊन इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि व्हीटीयूची (विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाची) कॉलेजं बेळगावातच आहेत. शिकवणं इंग्रजीत, त्यामुळे मराठी शाळेतून आलास म्हणून बिचकू नकोस. कानडी मात्र बोलायला शीक. चिकोडी-हुक्केरीकडच्या गिऱ्हाइकाशी तुलाच बोलायचंय.

मालकांना विचारून एकाच सेक्टरवर आधीचे-नंतरचे आकडे घे. सेटिंगमधले बदल रात्री उशिरा कर, पण मोजणी संध्याकाळच्या गर्दीतच. तो आलेख नोकरीच्या अर्जाला जोड.