टाकीतलं पाणी रोज काढ

भाऊ, वॉशिंग सेंटरवरचा हवेचा डायफ्राम पंप (दाबलेल्या हवेने आतला पडदा हलवून पाणी ढकलणारा) बाहेरच्या पाण्याने कमी अन् हवेतल्या पाण्याने जास्त खराब होतो. कॉम्प्रेसरने दाबलेली हवा तापते. कॉम्प्रेसरच्या टाकीत थंड झाली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊन तळाशी साचते. आपल्या विदर्भात मे महिन्यात हे ध्यानातही येत नाही. मृग लागला की मात्र रोज संध्याकाळी टाकीखालचा कॉक उघडायचाच. पहिल्या पावसाळ्यात मी आळस केला, तर पंपाचा एअर व्हॉल्व्ह गंजून अडकला, अन् दारात चिखलाने माखलेले ट्रॅक्टर उभे!

हवेतलं पाणी वेगळं करणारा वॉटर सेपरेटर पंपाजवळ लाव, कॉम्प्रेसरला चिकटून नको. गरम हवेतली वाफ त्यात अडकत नाही. पाइपाला उतार दे. पंपाकडे जाणारी फांदी मेन लाइनच्या वरच्या बाजूने काढ, म्हणजे पाइपाच्या तळाचं पाणी पंपात जात नाही.