पठारावरची पवनचक्की घ्यावी की गच्चीवर पॅनल लावावं?

प्रश्न: मी कराडला राहते. सरकारी रुग्णालयातून परिचारिका म्हणून 31 मे रोजी, वयाच्या 58व्या वर्षी निवृत्त झाले. जुनी पेन्शन सुरू झाली आहे, दरमहा साधारण 36 हजार. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि पेन्शन विक्रीचे मिळून 34 लाख रुपये 8 जुलैला खात्यात जमा झाले. कर्ज नाही, घर स्वतःचं. दिरांच्या ओळखीत पाटणच्या पठारावरची एक जुनी पवनचक्की विकायची आहे. किंमत 60 लाख. चौघांनी मिळून घ्यायची, माझा वाटा 15 लाख. मुलगा पुण्यात नोकरी करतो. तो म्हणतो, पवनचक्की नको, पवनचक्क्या बनवणाऱ्या सुझलॉन कंपनीचे शेअर घे, 5 लाखांचे. मला स्वतःला गच्चीवर सोलर बसवावंसं वाटतं, पण यजमान म्हणतात बिल येतं चार हजार, त्यासाठी एवढा खर्च कशाला. ‘पुढचा जमाना याच विजेचा’ यावर मात्र घरात सगळ्यांचं एकमत आहे. काय करू?

उत्तर: ताई, घरातलं जे एकमत आहे ते बरोबर आहे. मार्च 2025 अखेर देशात पवनऊर्जेची क्षमता 50 हजार मेगावॅटवर गेली, आणि सौरऊर्जा तर तिच्या कितीतरी पुढे आहे. हा धंदा वाढणार, यात मला शंका नाही. पण विजेचा जमाना येणं आणि त्यातून तुमच्या खात्यात पैसे येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्यासमोरच्या तिन्ही प्रस्तावांत हा फरक वेगवेगळ्या ठिकाणी दडलाय.

आधी पवनचक्की, कारण रक्कम तिथे सगळ्यात मोठी आहे. दिरांनी व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या कागदाचा फोटो तुम्ही सोबत जोडलात ते फार बरं केलंत. 350 किलोवॅटचं यंत्र, 2004 मध्ये सुरू झालेलं. वर्षाला 6 लाख युनिट, दर 5 रुपये 30 पैसे, उत्पन्न 31 लाख 80 हजार. देखभाल, विमा वगैरे 8 लाख वजा. उरले 23 लाख 80 हजार, म्हणजे प्रत्येकी जवळजवळ 6 लाख. अडीच वर्षांत 15 लाख वसूल! ज्याचं भांडवल अडीच वर्षांत फिटतंय तो माणूस यंत्र विकतो कशाला, हा प्रश्न दिरांना कुणी विचारलेला दिसत नाही.

युनिटांच्या आकड्यावर माझा फारसा आक्षेप नाही. 350 किलोवॅटचं यंत्र वर्षभर पूर्ण ताकदीनं फिरलं तर साडेतीस लाखांवर युनिट देईल. पण वारा तसा वाहत नाही. 6 लाख म्हणजे त्याच्या 20 टक्क्यांच्या आत-बाहेर. सह्याद्रीच्या माथ्यावर चांगल्या वर्षी हे होऊ शकतं. खोट आहे ती दरात.

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने नोव्हेंबर 2003 मध्ये पवनऊर्जेचा दर ठरवला होता. पहिल्या वर्षी युनिटला साडेतीन रुपये, मग दरवर्षी 15 पैशांची वाढ, अशी 13 वर्षं. आता हिशेब करा: साडेतीन अधिक बारा वेळा 15 पैसे, बरोबर 5 रुपये 30 पैसे. कागदावरचा दर खरा आहे, पण तो वीज खरेदी कराराच्या शेवटच्या वर्षाचा आहे, आणि 2004च्या यंत्राचा तो करार 2017 मध्येच संपला. करार संपलेल्या अशा पवनचक्क्यांची वीज महावितरणने पुढे युनिटला अडीच रुपयांच्या आसपास घेतली. वारा तोच, यंत्र तेच, आणि हातात येणारा पैसा निम्म्याहून कमी.

अडीच रुपयांनी मांडा. 6 लाख युनिटचे 15 लाख. खर्चाचे 8 लाख काही कमी होत नाहीत. उरले 7 लाख, तुमच्या वाट्याला पावणेदोन. म्हणजे साडेअकरा टक्के. वाईट नाही असं वाटेल. पण पाऊसकाळ मंद गेला आणि वारा कमी पडून 4 लाख 80 हजारच युनिट झाले, तर उत्पन्न 12 लाख, खर्च तेवढाच, प्रत्येकी 1 लाख. वीज पाचव्या हिश्श्यानं घटली आणि तुमची मिळकत 40 टक्क्यांहून जास्त घसरली. आपल्या पठारांवर वर्षाच्या विजेतला मोठा हिस्सा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत निर्माण होतो. नेमका जुलैमध्ये गिअरबॉक्स बसला आणि क्रेन धुक्यात, चिखलात वर चढेना, तर वर्षच गेलं म्हणायचं.

आणि यंत्राचं वय? पवनचक्की साधारण 20 वर्षांच्या आयुष्याच्या हिशेबानं बांधतात. हिची ती उलटून गेलीत. अजून पाच वर्षं धडधाकट फिरली आणि दरवर्षी पावणेदोन लाख मिळाले, तरी जमा होतात पावणेनऊ लाख. मुद्दलातले सव्वासहा लाख भंगारातून काढावे लागतील. आणि ते भंगारही चौघांत वाटलेलं.

दिरांचं दुसरं म्हणणं तुम्ही लिहिलंय की ‘पुढे मोठी कंपनी येईल, जुनी काढून नवी बसवेल, जागेचेच कोट्यवधी मिळतील’. यात तथ्याचा अंश आहे. जुन्या यंत्रांच्या जागी नवी बसवण्याचं केंद्राचं धोरण 2016 मध्ये आलं, 2023 मध्ये ते सुधारलं. त्या काळच्या 350 किलोवॅटच्या पंख्याचा व्यास 33 मीटर. आजच्या 3 मेगावॅटच्या यंत्राचा 140 मीटरच्या पुढे. वारा झेलणारं क्षेत्र अठरा पट. साहजिकच वाऱ्याच्या मोक्याच्या जागा छोट्या यंत्रांनी अडवून ठेवल्यात अशी तक्रार धंद्यात नेहमीची आहे. पण एवढ्या मोठ्या पंख्यांमध्ये अंतर सोडावं लागतं, म्हणजे आजूबाजूच्या पाच-सात मालकांनी एकदम हो म्हणायला हवं. वीज बाहेर नेणाऱ्या वाहिन्या, उपकेंद्र, रस्ता हे सामाईक. शिवाय सह्याद्री व्याघ्र प्रकल्प शेजारी, त्यामुळे परवानग्यांचा वेगळा घोर. ज्याच्याकडे पठारावर पन्नास यंत्रं आहेत तो हा जुगार खेळू शकतो. एका यंत्राचा चौथा हिस्सा असलेल्या माणसाला कुणी बोलणी करायलाही बोलावत नाही.

मुळात या पवनचक्क्या कुणी आणि का घेतल्या होत्या, ते पाहिलं की चित्र साफ होतं. नव्वदच्या दशकात पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी 100 टक्के घसारा मिळायचा, म्हणजे यंत्राची किंमत करपात्र नफ्यातून वजा करता यायची. पुढे तो 80 टक्के झाला, 2012 मध्ये ही सवलत काढली, दोन वर्षांनी परत आणली, आणि एप्रिल 2017 पासून 40 टक्क्यांवर आणली. नफ्यातल्या कारखानदाराला कर वाचवण्यासाठी यंत्र लागायचं. वीज हा त्याच्यासाठी जोडधंदा. तुमचं उत्पन्न पेन्शनचं. आयकराच्या हिशेबात पेन्शन म्हणजे पगार, आणि धंद्यातला तोटा पगारातून वजा करता येत नाही. ज्या सवलतीच्या जोरावर ही पठारं पंख्यांनी भरली, तिचा तुम्हाला काडीचा उपयोग नाही.

महावितरणला न देता कारखान्याला जास्त दरानं वीज विकू, असंही कुणी सुचवेल. तो मार्ग आहे, पण त्यात ओपन अॅक्सेसचे, म्हणजे दुसऱ्याच्या तारांतून वीज नेण्याचे आकार, अधिभार, ग्राहक कंपनीशी करार, हिशेबाला माणूस. चार घरांच्या भागीदारीचं ते काम नव्हे. माझ्या मते 15 लाखांचा हा वाटा घेऊ नये.

आता चिरंजीव. त्यांना 2022 दिसतंय: सुझलॉननं त्या ऑक्टोबरात हक्कभाग, म्हणजे आधीच्या भागधारकांना देऊ केलेले नवे शेअर, 5 रुपयांना दिले आणि सप्टेंबर 2024 मध्ये भाव 86 रुपयांपर्यंत गेला. डोळे दिपणारच. मला त्याच कंपनीची 2005ची विक्री आठवते. तेव्हा शेअर 510 रुपयांना दिला होता. 2008 मध्ये एकाचे पाच झाले, म्हणजे आजच्या मापात 102 रुपये. ज्यानं तेव्हा घेतला आणि इमानेइतबारे सांभाळला, तो 19 वर्षांनी 86च्या शिखरावर असतानाही मूळ भावाच्या खालीच होता. मध्ये 2020 मध्ये दोन रुपयांच्या आसपासचा तळ पाहून आला, ते वेगळंच. आणि याच 19 वर्षांत देशातली पवनऊर्जा 4-5 हजार मेगावॅटवरून 47 हजारांवर गेली!

धंदा दहापट वाढला आणि भागधारक जागच्या जागी. कारण वाऱ्यात नव्हतं, ताळेबंदात होतं. कंपनीनं 2006-07 मध्ये बेल्जियमची हॅन्सन आणि जर्मनीची रीपॉवर घेतली, कर्ज काढून. मग 2008ची मंदी, 2012 मध्ये परकीय रोख्यांची परतफेड चुकली, शेवटी दोन्ही कंपन्या विकाव्या लागल्या. आता कर्जाचं ओझं उतरलंय, मागणी आहे, कंपनी चांगली चालेलही. पण 34 लाखांतले 5 लाख एका शेअरवर? नाही. अशा वीज प्रकल्पांना कर्ज देणाऱ्या आयआरईडीए या सरकारी कंपनीचा शेअर नोव्हेंबर 2023 मध्ये 32 रुपयांना मिळाला आणि आठ महिन्यांत तीनशेवर गेला, हेही मुलगा सांगेल. तो तिथे थांबला नाही, खाली आला, हे तुम्ही सांगा.

शिवाय या धंद्याची एक खोड आहे: तंत्रज्ञान जितकं यशस्वी, तितकी वीज स्वस्त. 2017च्या सुरुवातीला पवनऊर्जेचा पहिला मोठा लिलाव झाला तेव्हा दर 3 रुपये 46 पैसे होता, डिसेंबरपर्यंत गुजरातेत 2 रुपये 43 पैशांवर आला. 2020 अखेर सौरऊर्जा दोन रुपयांच्या खाली जाऊन आली. देशासाठी ही आनंदाची बातमी. वीज विकणाऱ्यानं मात्र पेढे वाटू नयेत.

म्हणूनच स्वतः वीज वापरणाऱ्याची बाजू मला भक्कम वाटते, आणि तुमचा स्वतःचा विचार तिघांत सरस. तुम्ही पाठवलेल्या बिलांत सरासरी महिना 340 युनिट आहेत. महावितरणचे पहिले 100 युनिट स्वस्त, त्यापुढच्यांचा दर जवळजवळ दुप्पट, 300 नंतर आणखी चढा, वर वीज शुल्क. पठारावर अडीच रुपयांना जाणारं युनिट तुमच्या मीटरवर सरासरी 12 रुपयांना पडतं. तेव्हा जिथे ते महाग आहे तिथेच बनवा.

3 किलोवॅट पुरेसे आहेत. कराडच्या उन्हात वर्षाची सरासरी धरली तर महिन्याला 320 ते 350 युनिट. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. खर्च साधारण 1 लाख 90 हजार ते 2 लाख 10 हजार. पंतप्रधान सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78 हजार अनुदान मिळतं, यंत्रणा सुरू झाल्यावर थेट खात्यात. योजना 2026-27 पर्यंत आहे. हातातून जाणार सव्वा लाखाच्या आसपास, आणि बिलात महिन्याला साडेतीन हजार वाचले तरी तीन वर्षांत फिटले. वाचलेल्या पैशावर आयकर नाही, हे यजमानांना आवर्जून सांगा.

पण डोळे उघडे ठेवून. नोंदणीकृत विक्रेताच घ्या आणि पॅनलमधले सेल भारतात बनलेले आहेत ना, ते बिलावर लिहून घ्या, नाहीतर अनुदान अडकतं. शिल्लक युनिटं पुढच्या महिन्यात जातात, पण आर्थिक वर्षाच्या शेवटी उरलेल्यांना कवडीमोल भाव मिळतो. म्हणून विक्रेता 5 किलोवॅट गळ्यात मारायला लागला तर नाही म्हणा. आता दिवसाचा दर वेगळा, रात्रीचा वेगळा असा प्रकार येतोय, तेव्हा तुमची दिवसाची वीज कशातून वजा होणार हे महावितरणच्या कार्यालयात लेखी विचारा. तुमच्याकडे गाळप हंगामात गच्चीवर कारखान्याची काजळी पडते. आठवड्याला पाणी मारावं लागेल, नळ वर घेऊन ठेवा. आणि सांगाडा उंच करून मागा, डोक्याच्या वर. दोन-चार हजार जास्त जातील, पण कुरडया-पापडांची जागा शाबूत राहील. हा मुद्दा विक्रेते कधीच काढत नाहीत आणि पहिल्याच उन्हाळ्यात घरात त्यावरून वाजतं.

या सगळ्यात तुम्ही विचारलीच नाहीत ती गोष्ट मला सगळ्यात निकडीची वाटते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं वय 60 आहे, पण 55 ते 60 मध्ये निवृत्त झालेल्यांना निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडता येतं. तुमची मुदत ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संपते. त्यानंतर साठीपर्यंत थांबा. लिहिताना व्याज 8.2 टक्के आहे, खातं उघडलं की पाच वर्षं तोच दर. पवनचक्कीत जाणाऱ्या 15 लाखांचे इथे दर तिमाहीला 30 हजार 750 रुपये मिळतील, आणि शेवटी 15 लाख जसेच्या तसे. व्याजावर कर लागेल, तो धरूनही पठारावरच्या पावणेदोन लाखांपेक्षा हे मला जास्त पटतं.

34 लाखांतले 25 या योजनेत टाका. सव्वा लाख गच्चीवर. 4 लाख बँकेत मुदत ठेवीत, दुखण्याखुपण्याला. उरलेले पावणेचार लाख, पेन्शनचा आधार असल्यामुळे, निफ्टीच्या, म्हणजे 50 मोठ्या कंपन्यांत पैसे वाटणाऱ्या, इंडेक्स फंडात दीड-दोन वर्षांत हप्त्याहप्त्यानं जाऊ द्या. मुलाला फार वाईट वाटत असेल तर त्यातून 25 हजारांचे सुझलॉन घेऊ दे, तुमच्या नावावर.

दिरांना थेट नकार द्यायची पंचाईत आहे, हे समजतं. त्यांना एवढंच सांगा की माझ्या सल्लागारांनी तीन कागद मागितलेत: गेल्या पाच वर्षांच्या मीटर वाचनाच्या मासिक नोंदी, आज लागू असलेला वीज खरेदी करार, आणि जमिनीचा भाडेपट्टा किती वर्षांचा उरलाय ते. स्वतःचे 15 लाख देण्याआधी त्यांनीही ते पाहिलेले बरे.

पोस्टात जाताना पॅन, आधार, निवृत्तीचा आदेश आणि 8 जुलैची जमा दाखवणारं पासबुकाचं पान न्या. रक्कम चेकनंच भरावी लागेल, आणि वारसाचं नाव त्याच दिवशी लावून घ्या.