पहिला बांबूचा दिवा करताय? एवढं सांभाळा

घरातल्या दिव्यासाठी तुम्ही बांबू निवडलात, फार बरं वाटलं. लगेच विणकाम शिकायला बसू नका. बुरूड आळीतून छोटी टोपली आणा आणि तिचीच शेड करा. हात बसला की पुढचं.

खरी चूक होते ती बांबू निवडताना. कोवळा बांबू स्वस्त मिळतो, पण त्याला भुंगा लवकर लागतो, कारण बांबूतला स्टार्च हेच त्याचं खाणं. माझी पहिली शेड अशीच पोखरली गेली. टेबलावर रोज पिवळसर भुगा पडायचा. तीन-चार वर्षांचा जून, बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवून सावलीत वाळवलेला बांबूच मागा. स्टँडसाठी कोकणातला माणगा जातीचा बांबू उत्तम, तो जवळपास भरीव असतो.

बाकी दोनच गोष्टी:

- बल्ब एलईडीच, ५ ते ७ वॉटचा. जुना तारेचा बल्ब फार तापतो.
- होल्डर आणि वायर नवीन, आयएसआय मार्कची. इथे पुनर्वापर नको.

वरून जवसाच्या तेलाचा एक पातळ हात पुरे. तेलाचं फडकं मात्र चुरगाळून टाकू नका, ते आपोआप पेटू शकतं. उघड्यावर पसरून वाळवा.