कणकुंबी-जांबोटी भागात रात्री साप चावला तर आधी पीएचसी की थेट बेळगाव?

पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) डॉक्टर आणि सापाच्या विषावरची लस (अँटीव्हेनम) असल्याची फोनवर खात्री झाली तर आधी तिथेच, नाहीतर खानापूरचा तालुका दवाखाना. लस न टोचता थेट बेळगाव गाठायच्या भानगडीत पडू नका. कारण विष भिनायला लागलं की पहिला डोस जितका लवकर तितका जीव वाचायचा संभव जास्त. सरकारी दवाखान्यात ही लस फुकट मिळते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच लस चालते, त्यामुळे साप मारून पिशवीत घालून नेण्याची काही गरज नाही (अजून नेतात!). १०८ ला फोन लावा, पण भीमगड अभयारण्याच्या आतल्या वाड्यांत ना रेंज, ना पावसात गाडी. तिथे पेशंटला चालवू नका, डोलीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणा. घट्ट दोरी बांधायची नाही, चिरायचं नाही.

एक अपवाद: झोपेत मण्यार चावली तर बहुतेक वेळा खूण दिसत नाही, सूजही नसते, पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात. अशा पेशंटला लस सुरू करून लगेच व्हेंटिलेटर असलेल्या दवाखान्यात, म्हणजे बेळगावला, हलवावंच लागतं.