तृतीयपंथी समाजासाठी काही करायचं असेल तर संस्था काढावी, देणगी द्यावी की आणखी काही?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही ट्रान्स नाही, हिंजवडीत एचआरमध्ये नोकरीला आहात, आणि चार मित्र मिळून संस्था काढायचं डोक्यात आहे. मी ट्रान्स बाई आहे, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगा म्हणून नोंद झालेली बाई, पुण्यातच राहते, म्हणून आडपडदा न ठेवता सांगते: संस्था काढू नका. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, ऑडिट आणि लोगो यात वर्ष जाईल, मग कार्यक्रमाला आम्हाला बोलवाल, शाल-श्रीफळ द्याल, फोटो काढाल. झालं.

एकमेकींना धरून राहायची आमची व्यवस्था फार जुनी आहे. घरातून हाकललेली पोरगी गुरूकडे येते, गुरू रीत करून तिला चेला करून घेते. तिथून तिला जेवण, अंथरूण, नवं नाव आणि भांडणात बाजू घेणाऱ्या गुरुबहिणी मिळतात. निर्वाण, म्हणजे लिंग काढायची शस्त्रक्रिया, झालेलीला चाळीस दिवस जपतात. हे ऐकून भारावून मात्र जाऊ नका. मंगतीतला, म्हणजे मागून आणलेल्या पैशातला, वाटा गुरूला द्यावा लागतो, जमात सोडायची तर डंड, म्हणजे दंड, भरावा लागतो, आणि शिकून नोकरी करू पाहणाऱ्या पोरीला तो जाच वाटतो. ट्रान्स पुरुषांना, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झालेल्या पुरुषांना, तर ना घराणं ना गुरू. घरच्यांनी लग्न ठरवलं की त्यांना रातोरात बाहेर पडावं लागतं, तेव्हा चार दिवस झोपायला खोली लागते. ती सहसा कुणा मित्राची असते.

माझ्या ओळखीत एका वस्तीत भिशी चालते. महिन्याला सगळ्या जमतात, चहा होतो, चिठ्ठी निघते. पण घरमालकानं एखादीला सामान उचलायला सांगितलं असेल तर चिठ्ठी काढतच नाहीत, त्या महिन्याची रक्कम सरळ तिच्या डिपॉझिटला जाते. कुणी कुरकुर केलीच तर म्हातारी नानी एकच विचारते, ‘तुझ्या वेळी कुणी दिले होते?’ खोली मिळते, पण डिपॉझिट जास्त आणि करारनामा नाही. करारनामा नाही म्हणजे पत्त्याचा पुरावा नाही, पुरावा नाही म्हणजे आधारवर पत्ता जुना, बापाच्या घरचा, नावही जुनंच. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये केंद्रानं ट्रान्स व्यक्तींना एकदा 1500 रुपये दिले, तेही बँक खात्यात. ज्यांची खातीच नव्हती, त्यांच्यापर्यंत ते कसे पोचणार? त्यांच्या चुली वर्गणीतून आणलेल्या शिध्यावर चालल्या.

म्हणून पैसे द्यायचे असतील तर अशा चालू असलेल्या गटाला द्या, दर महिन्याला, आणि हिशोबाचा अहवाल मागू नका. पैशांपेक्षाही तुमच्यासारख्याची सही उपयोगी पडते. करारनाम्यावर साक्षीदार व्हा. गॅझेटमध्ये, म्हणजे सरकारी राजपत्रात, नाव बदलायचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, ट्रान्सजेंडर ओळखपत्राचा ऑनलाइन अर्ज, हे भरताना शेजारी बसा. नियम बदलत असतात, तेव्हा त्या दिवशी पोर्टलवर काय लिहिलंय ते आधी वाचा. रात्री कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर सोबत जा. एका दवाखान्यात आमच्यातल्या एकीला बायकांच्या वॉर्डात टाकायचं की पुरुषांच्या, यावरच खल चालला होता आणि ती तापानं फणफणून स्ट्रेचरवर पडून होती. फॉर्मवर नातेवाईक म्हणून गुरूचं नाव चालेना. शेवटी इस्त्रीचा शर्ट घातलेला एक ओळखीचा माणूस आला, त्यानं सही केली, आणि पाच मिनिटांत बेड मिळाला. चीड येते, पण त्या रात्री तो शर्ट कामाला आला.

आता हक्कांचं. 15 एप्रिल 2014 ला सुप्रीम कोर्टानं नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात आपलं लिंग आपण ठरवायचा हक्क मान्य केला. मुंबईच्या मालवणीत काम करणाऱ्या गौरी सावंत, ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी या ट्रान्स कार्यकर्त्यांची नावं तुम्ही त्यामुळेच ऐकली असतील. तरी 2022 च्या पोलीस भरतीच्या अर्जात स्त्री आणि पुरुष असे दोनच रकाने होते. आर्या पुजारी आणि निकिता मुख्यदल या ट्रान्स उमेदवार मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, गेल्या आणि जिंकल्या. सरकारनं त्याविरुद्ध हायकोर्ट गाठलं, पण डिसेंबरमध्ये तिथे तिसरा रकाना द्यायला आणि शारीरिक चाचणीचे निकष ठरवायला कबूल व्हावं लागलं. पुढची मागणी समांतर आरक्षणाची आहे, म्हणजे प्रत्येक जातप्रवर्गाच्या आत ट्रान्स उमेदवारांना जागा. कर्नाटकानं 2021 मध्ये असं 1 टक्का दिलं. आमच्यातल्या कितीतरी जणी दलित, भटक्या, मुसलमान घरांतल्या. जात बाजूला ठेवून दिलेलं आरक्षण कुणाच्या हातात पडेल हे सांगायला नको. मोर्चाला या, पाण्याच्या बाटल्या आणा, मागे चाला. माईक आमच्याकडे राहू द्या.

आणि सगळ्यात आधी जिथे पगार घेता तिथे बघा. 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याच्या कलम 11 प्रमाणे प्रत्येक आस्थापनेत ट्रान्स व्यक्तींच्या तक्रारींसाठी एक अधिकारी नेमावा लागतो. तुमच्या कंपनीत तो कोण आहे? मार्कशीटवर एक नाव आणि आधारवर दुसरं असेल तर तुमची बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाली एजन्सी काय शेरा मारते? माझ्या माहितीतल्या एका पोरीची ऑफर याच शेऱ्यावर अडकली होती, गॅझेटची प्रत जोडलेली असूनही; ती कुणी उघडूनच बघितली नव्हती. तुम्ही एचआरमध्ये आहात, गॅझेटची प्रत पुरेशी मानायची असं त्या एजन्सीला लेखी कळवणं तुमच्या हातातलं आहे. सोमवारी करून टाका.