नागपूरजवळच्या आमच्या शेतात मोठमोठे दगड गोल मांडलेले आहेत. जुनी थडगी आहेत म्हणतात. बांध घालायला ते काढले तर चालतील का?

नका काढू. एकही दगड हलवू नका, अशी हात जोडून विनंती.

मी नागपूरचाच. काटोल रोडवरच्या जुनापाणीला एकदा जाऊन या, म्हणजे तुमच्या शेतात काय असू शकतं ते कळेल. तिथे अशी तीनशेच्या आसपास शिलावर्तुळं आहेत आणि ती संरक्षित स्मारक आहेत. काळ्या दगडांचं कडं, आत मुरूम-मातीची भर आणि त्याखाली दफन. वय अडीच-तीन हजार वर्षं. काही दगडांवर ओळीने छोटे गोल खळगे कोरलेत. सकाळच्या तिरप्या उन्हात ते ठळक दिसतात. मी एकात बोट ठेवलं तर पेर अलगद बसलं. कुणीतरी दगडावर दगड घासत किती वेळ बसलं असेल, हे तेव्हा जाणवलं.

खाली अख्खा सांगाडा मिळेलच असं नाही, बऱ्याचदा हाडांचे तुकडेच असतात. सोबत काळी-तांबडी मडकी, लोखंडी कुऱ्हाडी, मणी. नागपूरजवळच्याच माहुरझरीला पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांनी १९७०-७२ मध्ये अशा वर्तुळांचं उत्खनन केलं, तेव्हा घोड्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याच्या पत्र्याचे दागिने निघाले. माणसाबरोबर त्याचा घोडाही पुरलेला, तोही सजवून! माझ्या मनातून ते अजून जात नाही.

म्हणून दगड महत्त्वाचे. कोणती वस्तू कड्यात कुठे, किती खोल होती, यावरूनच हे सगळं वाचता येतं. कडं एकदा मोडलं की खाली उरतात ती नुसती खापरं. माझ्या ओळखीतल्या एका शेतात असेच दगड विहिरीच्या बांधकामात गेले. आता तिथे काय होतं ते कोणीच सांगू शकत नाही.

आणि ही रीत मेलेली नाही. गडचिरोलीतले माडिया आदिवासी आजही गेलेल्या माणसाच्या नावाने दगड उभा करतात.

तुम्ही एवढं करा: चारही बाजूंनी फोटो काढा, दोरीने कड्याचा व्यास मोजा, गट नंबर लिहा आणि नागपुरातल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. पोच घ्यायला विसरू नका. तोवर नांगर कड्याच्या बाहेरूनच वळवा.