१९०३ नको, १९०१ पासून वाचायला घ्या

तुम्ही विचारलंय की राइट बंधू आणि त्यांच्या आगेमागे विमानासाठी झटलेल्या माणसांची चरित्रं वाचायची आहेत, पण तुमचं शिक्षण कला शाखेचं. गणित-भौतिकशास्त्र न येता हे कळेल का आणि सुरुवात कुठून करावी?

कळेल. मी आयटीआय करून सोलापुरात यंत्रमागांवर जॉबरचं, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवायचं, काम करतो. विमानाचं शास्त्र कुठे शिकलेलो नाही. गेली सात-आठ वर्षं सुट्टीच्या दिवशी हीच माणसं वाचतोय. पहिलं पुस्तक हिराचंद नेमचंद वाचनालयात हाती लागलं, आणि तेव्हापासून हा नाद सुटलेला नाही.

सुरुवातीबद्दल माझं मत ठाम आहे. १७ डिसेंबर १९०३ हा पहिल्या उड्डाणाचा दिवस आधी वाचू नका. अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या किटी हॉक गावाजवळची वाळू, १२ सेकंद, १२० फूट हे सगळ्यांना शाळेपासून पाठ असतं, आणि शेवट माहीत असला की आधीची वर्षं नुसती पायऱ्यांसारखी वाटतात. त्याऐवजी १९०१ चा ऑगस्ट उघडा. तेव्हा दोघे भाऊ हरलेले होते. नवीन ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, बांधून नेलं होतं, आणि हिशेबाने हवेची जेवढी उचल पंखांना मिळायला हवी होती त्याच्या तिसरा हिस्साच मिळत होती. घरी परतताना विल्बर ऑरव्हिलला म्हणाला की माणूस अजून ५० वर्षं तरी उडणार नाही. पुढे १९०८ मध्ये एका भाषणात त्याने स्वतःच हे सांगितलं.

त्यानंतरचे तीन-चार महिने मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे वाटतात. त्यांना संशय आला की आपण ज्या आकड्यांवर भरवसा ठेवला तेच चुकीचे असतील. आधी त्यांनी सायकलच्या हँडलवर तिसरं चाक आडवं बसवलं, त्याच्या कडेला एक सपाट आणि एक वक्र पट्टी उभी केली, आणि ती सायकल डेटन या आपल्या गावच्या रस्त्यांवर जोरात चालवून वारा कुठली पट्टी किती ढकलतो ते पाहिलं. मग आपल्या सायकलच्या दुकानातच सहा फूट लांबीचा लाकडी बोगदा केला, एका टोकाला पंखा. आतला मोजायचा काटा हॅक्सॉच्या जुन्या पात्यांचा आणि सायकलच्या स्पोकच्या तारेचा. त्यात सुमारे २०० छोटे पंख त्यांनी तपासले.

निघालं काय? हवेच्या दाबाचा हिशेब करताना स्मीटन नावाच्या इंग्रज अभियंत्याच्या नावाने चालत आलेला ०.००५ हा आकडा सगळे डोळे झाकून वापरत होते. शंभराहून जास्त वर्षं. खरा आकडा ०.००३३ च्या आसपास होता. आणि ज्या ऑटो लिलिएंथालच्या तक्त्यांवर त्यांनी आधी बोट ठेवलं होतं, ते त्याच्या पंखाच्या आकारापुरते बरेचसे बरोबर निघाले. तो जर्मन माणूस सुमारे २,००० वेळा टेकड्यांवरून ग्लायडरने उतरला होता आणि ऑगस्ट १८९६ मध्ये तसाच पडून गेला. मेलेल्या माणसावर ढकललेली चूक त्याची नव्हती, हे या दोघांनी मोजून काढलं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

यात गणित किती आहे? गुणाकार-भागाकाराच्या पुढे तुम्हाला काही लागणार नाही. बाकी सगळी चिकाटी आहे, आणि ती कुठल्याही शाखेच्या माणसाला कळते.

मला तर तिचा कामावर उपयोग झाला. एका मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, सारखा तुटायचा. सगळे सुताला दोष देत होते, मीही दिला. मग ठरवलं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि तासाला किती धागे तुटले ते वहीत लिहायचं. चौथ्या दिवशी मागचा रूळ एका बाजूने झिजलेला सापडला. सूत चांगलं होतं.

आता सोलापूरकर म्हणून जे मला सांगितल्याशिवाय राहवत नाही ते सांगतो. ते पहिलं विमान कापडाचं होतं, सुती मलमलीचं, डेटनच्या दुकानातून वारावर घेतलेलं. लाकडाच्या सांगाड्यावर ते त्यांनी सरळ ताणलं नाही. शिंपी ज्याला उरेब म्हणतात तसं तिरकं, धागे ४५ अंशांत येतील असं लावलं, म्हणजे कापडच सांगाड्याला तिरका ताण देईल. चादरी-टॉवेलांच्या या गावात जन्म गेला, कापड ओढलं की उभ्या-आडव्याला किती आणि तिरकं किती येतं हे बोटांना माहीत आहे. त्यामुळे हे वाचताना ती माणसं मला शेजारच्या शेडमधली वाटली.

त्याहून जवळची गोष्ट १९०० ची आहे. पहिल्या वर्षी किटी हॉकला पोचल्यावर विल्बरने पंखांचं कापड टेट नावाच्या कुटुंबातल्या बाईंच्या शिवणयंत्रावर बसून शिवलं. काम संपल्यावर ग्लायडर तिथेच टाकून दोघे परत गेले. त्या बाईंनी पंखांचं ते चांगलं कापड काढून धुतलं आणि आपल्या दोन मुलींना त्याचे फ्रॉक शिवले. मी हे घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "मग! एवढं कापड वाया कोण घालवणार?" तिने विडी वळून आमची शाळा केली आहे, तिला यात नवल काहीच वाटलं नाही.

१९०१ झालं की मगच १९०३ वाचा. तेव्हा तुम्हाला उड्डाणाआधीचा नोव्हेंबर जास्त आवडेल, जेव्हा पंख्यांचे दांडे दोनदा निकामी झाले, आणि साखळीची चाकं ढिली होत होती म्हणून त्यांनी ती सायकलच्या टायरला लावायच्या सिमेंटने पक्की केली. इंजिन केलं चार्ली टेलरने, त्यांच्या दुकानातल्या मेकॅनिकने, सुमारे सहा आठवड्यांत, लेथ आणि ड्रिलच्या जोरावर. बहुतेक पुस्तकांत त्याला दोन ओळी मिळतात. मला ते लागतं. आमच्या शेडमध्येही माल मालकाच्या नावाने जातो, माग चालता ठेवणारा हात कुणाला दिसत नाही.

आणि बहीण कॅथरिन. ती शाळेत लॅटिन शिकवायची. १७ सप्टेंबर १९०८ ला फोर्ट मायर या अमेरिकी लष्करी तळावर ऑरव्हिलचं विमान पडलं, बरोबरचा लेफ्टनंट सेल्फ्रिज गेला. विमान-अपघातात गेलेला तो पहिला प्रवासी. ऑरव्हिलची मांडी आणि बरगड्या मोडल्या. कॅथरिन शाळा सोडून त्याच्या उशाशी येऊन बसली ती कित्येक आठवडे. पुढे १९२६ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर तिने लग्न केलं, तर याच भावाने तिच्याशी बोलणं टाकलं. १९२९ मध्ये ती न्यूमोनियाने मरायला टेकली तेव्हा कुठे तो तिच्याकडे गेला. ही पानं चरित्रकारांनी लपवली नाहीत तर ते पुस्तक चांगलं, ही माझी साधी कसोटी आहे. विमानाच्या पेटंटसाठी या भावांनी लढवलेल्या खटल्यांची वर्षंही अशीच. ज्या शानूट नावाच्या वडीलधाऱ्या अभियंत्याला विल्बरने दहा वर्षं मनमोकळी पत्रं लिहिली त्याच्याशीही त्यापायी वितुष्ट आलं. विल्बर १९१२ मध्ये विषमज्वराने गेला, ४५ व्या वर्षी.

त्याच्या शेजारी ब्राझीलचा सांतोस-द्युमाँ वाचा. कॉफीच्या मळ्यांचा श्रीमंत मुलगा. १९०१ मध्येच पॅरिसात आयफेल टॉवरला वळसा घालून फुग्याचं जहाज परत आणणारा. त्याने आपल्या छोट्या विमानाचे आराखडे कुणालाही वापरायला मोकळे ठेवले. यातला कोण बरोबर हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पोट कामावर असलेल्याला पेटंट का हवं असतं हेही कळतं.

आपल्याकडचे तळपदे? हा प्रश्न मराठी वाचकाला पडतोच. शिवकर बापूजी तळपद्यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवलं असं सांगतात. पण त्या काळचा भरवशाचा पुरावा अभ्यासकांना मिळालेला नाही, आणि 'वैमानिक शास्त्र' नावाच्या ज्या संस्कृत ग्रंथाशी ती गोष्ट जोडतात त्यातली विमानं उडू शकणार नाहीत, असं बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं. अभिमानासाठी मला खरी तारीख पुरते: १८ फेब्रुवारी १९११, अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीला विमानाने टपाल गेलं. किंवा १५ ऑक्टोबर १९३२, जेआरडी टाटांनी कराचीहून पस मॉथ नावाच्या छोट्या विमानातून डाक घेऊन मुंबई गाठली.

इंग्रजीची भीती असेल तर पुस्तकाआधी पत्रं घ्या. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राइट कुटुंबाची पत्रं आणि डायऱ्या नेटवर फुकट ठेवल्या आहेत. भाषा सोपी, वाक्यं छोटी. मी शब्दकोश शेजारी ठेवून रोज एक पान वाचायचो. दोन महिन्यांनी शब्दकोश दिवसाला चार-पाच वेळाच उघडायला लागला.

पहिलं पत्र ३० मे १८९९ चं वाचा. सायकलच्या दुकानातला, कॉलेजात न गेलेला विल्बर स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या मोठ्या संशोधन संस्थेतल्या अनोळखी लोकांना विचारतो आहे की उडण्याबद्दल आजवर जे छापलंय ते मला पाठवाल का, इंग्रजीतली कुठली पुस्तकं वाचू. काही दिवसांतच त्याला उत्तर आलं, सोबत काही पुस्तिका आणि पुस्तकांची यादी.